हात लावला की वाजणारं वारली चित्र: फळीपासून आवाजापर्यंत

चित्र रंगवून झालं, मागे वायरी जोडल्या, आणि ढोलाला हात लावला तर कोंबडा आरवला. किंवा लॅपटॉपवर झकास चालणारं चित्र भिंतीवर टांगून मोबाइलच्या चार्जरला जोडलं आणि कुणी हात न लावताच ते वाजायला लागलं. स्पर्शाने वाजणाऱ्या चित्रांत हे दोन बिघाड सर्रास होतात आणि दोन्ही वेळा लोक प्रोग्राम उकरत बसतात. प्रोग्राम बहुधा ठीकच असतो, कामाचा क्रम चुकलेला असतो. आधी चित्र आणि मग विजेची जोडणी, असं केलं की चूक गेरूखाली गाडली जाते आणि ती शोधायला चित्र खरवडावं लागतं.

इथे क्रम उलटा आहे. आधी स्वयंपाकघरातल्या फॉइलवर सगळं चालवायचं, मग फळी, मग काळा वाहक (वीज वाहणारा) रंग, मग गेरू, आणि पांढरी रेघ सगळ्यात शेवटी.

तत्त्व थोडक्यात: ईएसपी३२ या छोट्या बोर्डाच्या काही पिना स्वतःला जोडलेल्या पृष्ठभागाची विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजू शकतात. माणसाचं बोट जवळ आलं की धारिता वाढते आणि बोर्डाने दिलेला आकडा खाली येतो. मध्ये कागद, रंग किंवा वॉर्निशचा पातळ थर असला तरी चालतं. म्हणूनच वाहक रंग चित्राच्या खाली लपवता येतो आणि वरून चित्र नेहमीच्या वारली चित्रासारखंच दिसतं.

१. आधी आवाज ठरवा, मग चित्र

एका बोर्डावर सहा जागा सुखाने चालतात. त्यामुळे सहा आवाज निवडा आणि त्यांच्याभोवती चित्र मांडा. तारपा, ढोल, कोंबडा, झाडावरची पाखरं, उखळ-मुसळ, ओढ्याचं पाणी अशी निवड सोयीची, कारण यातलं प्रत्येक चित्रात चटकन ओळखू येतं आणि आवाजही एकमेकांपासून वेगळे आहेत.

कागदावर खऱ्या मापाचा आराखडा काढा. फळी ६० × ४५ सेंमीची धरा. प्रत्येक स्पर्शाची जागा साधारण ६ × ६ सेंमी आणि दोन जागांमध्ये किमान ४ सेंमी मोकळं अंतर ठेवा. तारपा नाचातली वेटोळी रांग दोन जागांच्या मधून गेली तरी हरकत नाही, पांढरा रंग वीज वाहत नाही. खालचे वाहक रंगाचे काळे चौकोन मात्र एकमेकांच्या जवळ यायला नकोत.

यात एक भान ठेवा. देवचौक आणि त्यातली पालघट देवी हे लग्नविधीचं चित्र आहे, त्याचं वाजणारं बटण करू नये. तारप्याचा आवाज नेटवरून उचलण्यापेक्षा डहाणू, जव्हार, विक्रमगड भागातल्या एखाद्या वादकाकडून विचारून, मानधन देऊन ध्वनिमुद्रित करा आणि चित्राखाली त्यांचं नाव लिहा.

२. सामान

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं सामान मिळतं.

- ईएसपी३२ डेव्हकिट बोर्ड, ३० पिनांचा
- डीएफप्लेयर मिनी (कार्डावरचे आवाज वाजवणारं छोटं मॉड्यूल) आणि ३२ जीबी किंवा त्याहून लहान मायक्रोएसडी कार्ड
- ८ ओहम, ३ वॅटचा ३ इंची स्पीकर
- १ किलोओहमचे रेझिस्टर ७ (सहा स्पर्शाच्या वायरींसाठी, एक डीएफप्लेयरसाठी)
- १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर
- ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चांगला अडॅप्टर
- झीरो पीसीबी (भोकांची पट्टी, जिच्यावर सुटे भाग डाखतात) आणि लॅन केबलचा दोन मीटर तुकडा (आतल्या एकेरी वायरींसाठी)
- ६ मिमी जाडीचा प्लाय; पितळी एम३ स्क्रू २० मिमी लांबीचे, त्यांचे नट आणि थिंबल (वायरीच्या टोकाला लावायची धातूची कडी) प्रत्येकी ६, वॉशर १२
- बारीक ग्रॅफाइट पावडर ५० ग्रॅम, फेव्हिकॉल, पांढरा प्रायमर, गेरू, पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग, पारदर्शक अ‍ॅक्रिलिक स्प्रे
- मल्टीमीटर. हा नसेल तर कामाला हात घालू नका; पुढच्या प्रत्येक टप्प्याची तपासणी त्यावरच आहे.

सावध: दुकानात ईएसपी३२ म्हणून त्याचं सी३ मॉडेल हातात पडू शकतं. त्यात स्पर्श मोजणाऱ्या पिनाच नसतात. ईएसपी८२६६ मध्येही नसतात. एस३ मध्ये असतात, पण स्पर्श झाल्यावर त्याचा आकडा उतरण्याऐवजी वाढतो. तो वापरणार असाल तर पुढची सगळी तुलना उलटी करावी लागेल.

३. फॉइलवर सराव

पुठ्ठ्यावर आराखडा ठेवा. ॲल्युमिनियम फॉइलचे ६ × ६ सेंमीचे सहा चौकोन कापून आपापल्या जागी चिकटवा आणि प्रत्येकाला एक वायर चिकटपट्टीने घट्ट लावा. प्रत्येक वायर १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून बोर्डाला जोडा. हा रेझिस्टर बोर्डाजवळ बसवायचा. कोरड्या हवेत बोटातून उडणाऱ्या स्थिर विजेपासून तो पिनेला वाचवतो.

पिना वापरायच्या त्या ४, १३, १४, २७, ३२ आणि ३३. स्पर्श मोजणाऱ्या पिना आणखी आहेत, पण त्या टाळाव्यात. ० ही बूटच्या (बोर्ड सुरू होण्याच्या) बटणाची पिन आहे. २ वर बोर्डाचा दिवा असतो. १५ बूट होताना वापरली जाते. १२ वर सुरू होताना व्होल्टेज राहिलं तर बोर्ड उठतच नाही. प्रोग्राममध्ये पिनेचा हाच आकडा लिहा, टी० ते टी९ ही नावं वापरली की मोजण्यात हमखास घोळ होतो.

आता बोर्ड लॅपटॉपला जोडा. पोर्ट दिसत नसेल तर आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. अर्डुइनोच्या ‘टचरीड’ फंक्शनने सहाही पिनांचे आकडे दर पाव सेकंदाला पडद्यावर छापा. काहीच न जोडलेल्या पिनेचा आकडा बहुधा ६० ते ८० दरम्यान असतो, फॉइल जोडल्यावर तो बराच खाली येतो आणि बोट लावलं की आणखी कोसळतो. सॉफ्टवेअरच्या आवृत्तीनुसार आणि बोर्डानुसार हे आकडे पार वेगळे येऊ शकतात. म्हणून ते पाठ करू नका, मोकळा आकडा (फॉइल जोडलेलं, पण बोट न लावलेलं) आणि स्पर्शाचा आकडा यांचं प्रमाण बघा.

मग फॉइलवर दोन जाड कागद ठेवून पुन्हा बोट लावा. हे रंगाच्या थरांचं सोंग आहे. कागदावरून स्पर्श केल्यावर आकडा मोकळ्या आकड्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत किंवा त्याखाली आला तर पुढे जायला हरकत नाही.

तपासणी: एका फॉइलला हात लावल्यावर शेजारचा आकडाही ठळक उतरतो का? उतरत असेल तर वायरी बघा. सहाही वायरी एकत्र बांधून सुबक जुडी केलेली असते आणि तिथेच गडबड होते. स्पर्शाच्या कामात वायर ही स्वतःच एक स्पर्शपट्टी आहे. प्रत्येक वायर वेगळ्या वाटेने न्या, लांबी ३० सेंमीच्या आत ठेवा आणि एकीची वायर दुसरीच्या फॉइलमागून नेऊ नका.

४. प्रोग्रामचा मेंदू: उंबरठा

बहुतेक लोक इथे एकच आकडा लिहून मोकळे होतात: “४० च्या खाली आला की वाजव.” ते चित्र हिवाळ्यात चालतं आणि जूनमध्ये रुसतं, कारण दमट हवेत मोकळा आकडाच खाली सरकतो. आकडा ठरवून देऊ नका, बोर्डाला तो शिकू द्या. रचना अशी:

अ) सुरू झाल्यावर २ सेकंद थांबा. तोवर कुणी चित्राला हात लावायचा नाही. मग प्रत्येक पिनेची ५० वाचनं घेऊन सरासरी काढा. हा त्या पिनेचा पाया.

आ) पुढे एकेका वाचनावर विश्वास ठेवू नका. साधारण २० मिलिसेकंदांत पसरलेली १० वाचनं घेऊन त्यांची सरासरी वापरा. २० मिलिसेकंद हा आकडा मुद्दाम निवडला आहे. आपल्याकडची घरगुती वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. पूर्ण आवर्तनाची सरासरी घेतली की विजेची गुणगुण बरीचशी आपोआप निघून जाते.

इ) सरासरी पायाच्या ८० टक्क्यांखाली सलग तीनदा आली तरच स्पर्श झाला असं माना. पाया ४२ असेल तर उंबरठा साधारण ३४.

ई) स्पर्श सुटला हे ठरवायला वेगळा उंबरठा ठेवा, पायाच्या ८८ टक्के. ४२ च्या पायासाठी तो ३७. दोन्हीसाठी एकच आकडा ठेवला की बोट कडेवर असताना आवाज तडतड सुरू-बंद होत राहतो.

उ) एकदा आवाज सुरू केला की बोट सुटेपर्यंत तोच आवाज पुन्हा सुरू करू नका आणि सुटल्यावरही ३०० मिलिसेकंद थांबा.

ऊ) स्पर्श नसताना पाया हळूहळू सरकू द्या: नवा पाया म्हणजे जुन्याचा ९९ टक्के आणि ताज्या वाचनाचा १ टक्का. स्पर्श चालू असताना पाया गोठवून ठेवा, नाहीतर बोर्ड बोटालाच मोकळी स्थिती समजू लागतो.

ए) कुठलीही पिन २० सेकंदांहून जास्त ‘स्पर्श’ दाखवत राहिली तर ती अडकली आहे असं धरून तिचा पाया नव्याने घ्या. भिंतीवरून टपकलेलं पाणी, चित्राला टेकलेली छत्री असल्या गोष्टींवर हाच उपाय.

यात एक छोटी सोय घाला. कुठलाही स्पर्श ओळखला की पिन २ वरचा निळा दिवा लावा. शेवटच्या टप्प्यात लॅपटॉप जोडलेला नसताना बिघाड शोधायला हाच दिवा उपयोगी पडतो.

तपासणी: फॉइलवर हा प्रोग्राम अर्धा तास हात न लावता चालू ठेवा. दिवा एकदाही लागता कामा नये.

५. आवाज आणि डीएफप्लेयर

आवाज ३ ते ६ सेकंदांचे पुरेत. सुरुवातीची शांतता कापून टाका. स्पर्श ओळखायला आणि फाइल उघडायला तसाही थोडा वेळ जातो, त्यात आधीची शांतता मिळाली की चित्र मंद वाटतं. दोन्ही टोकांना १० ते २० मिलिसेकंदांचा फेड द्या, म्हणजे ‘टक्’ ऐकू येणार नाही. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं होतं. एमपी३ मोनो, १२८ केबीपीएस ठेवा.

ढोलाकडे वेगळं लक्ष द्या. ३ इंची स्पीकरला ढोलाचा खर्ज झेपत नाही आणि पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज येतो. मूळ ध्वनीत २०० ते ४०० हर्ट्झचा पट्टा थोडा उचला आणि १०० हर्ट्झखालचं काढून टाका, मग ढोल ढोलासारखा वाटतो.

कार्ड फॅट३२ मध्ये फॉर्मॅट करा. त्यात एमपी३ नावाचा फोल्डर इंग्रजी लहान लिपीत बनवा आणि फाइलींना चार आकडी नावं द्या: ०००१, ०००२ अशी, अर्थात इंग्रजी आकड्यांत. प्रोग्राममधून आवाज मागवताना ‘प्ले एमपी३ फोल्डर’ ही आज्ञा वापरा. नुसत्या ‘प्ले’ आज्ञेत मॉड्यूल फाइलींचं नाव बघत नाही, त्या कार्डावर ज्या क्रमाने चढवल्या तो क्रम बघतं. ढोलाच्या जागी कोंबडा आरवण्याचं हे एक कारण (दुसरं पुढे येईल).

जोडणी: बोर्डाची पिन १७ रेझिस्टरमधून डीएफप्लेयरच्या आरएक्सला (संदेश घेणारी पिन), पिन १६ थेट टीएक्सला (संदेश पाठवणारी पिन), संदेशांचा वेग ९६००. आरएक्सच्या वाटेतला १ किलोओहमचा रेझिस्टर वगळला तर स्पीकरमधून सतत किरकिर येते. स्पीकर मॉड्यूलच्या एसपीके१ आणि एसपीके२ या दोन पिनांमध्येच लावा. स्पीकरची एक तार ग्राउंडला जोडली तर मॉड्यूल जळू शकतं.

अडॅप्टरचे ५ व्होल्ट बोर्डाच्या व्हीइन पिनेला आणि डीएफप्लेयरच्या व्हीसीसीला वेगवेगळ्या वायरींनी द्या, ग्राउंड सगळ्यांचं एकत्र. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डीएफप्लेयरच्या व्हीसीसी-ग्राउंडजवळ, उलटसुलट न होता. ढोलाच्या ठोक्याला बोर्ड रीसेट होत असेल किंवा पडद्यावर ‘ब्राउनआउट’ (व्होल्टेज कमी पडलं) असा संदेश येत असेल तर हा कपॅसिटर लावायचा राहिलेला असतो.

सावध: वीज दिल्यावर डीएफप्लेयरला कार्ड वाचायला वेळ लागतो. प्रोग्रामच्या सुरुवातीला २ सेकंद द्या. बाजारातली काही मॉड्यूल उत्तरच पाठवत नाहीत. तेव्हा लायब्ररी (प्रोग्रामात घेतलेला डीएफप्लेयरचा तयार कोड) “मॉड्यूल सापडलं नाही” म्हणते, पण आवाज वाजत असतो. उत्तराची वाट बघण्याची सोय बंद केली की काम होतं. आणखी एक मर्यादा: मॉड्यूल एका वेळी एकच आवाज वाजवतं, दुसऱ्या जागेला हात लावला की पहिला तुटतो. ढोल आणि तारपा एकत्र ऐकवायचे असतील तर दोन्ही मिसळून एकच फाइल करा.

६. फळी

चित्र थेट भिंतीवर काढायचा मोह आवरा. भिंतीत ओल असते, आतून वायरिंग गेलेलं असतं आणि मागून जोडणी करायला जागा नसते.

प्लाय १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. पांढऱ्या प्रायमरचे दोन हात मारा, मागच्या बाजूलाही एक. मागची बाजू कोरी सोडली तर पावसाळ्यात फळी ओल पिऊन वाकते.

प्रायमर वाळल्यावर प्रत्येक जागेच्या कडेला (मध्ये नको) ३ मिमीचं भोक पाडा आणि पुढून स्क्रूचं डोकं आत बसेल इतका खळगा करा. पितळी स्क्रू पुढून घालून मागे वॉशर, थिंबल, वॉशर, नट या क्रमाने आवळा. लोखंडी स्क्रू चालेल असं वाटतं, पण पाण्यातला गेरू लागला की तो गंजतो आणि महिनाभरात पांढऱ्या आकृतीखालून तांबूस डाग वर येतो.

७. काळा वाहक रंग

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून घाई नको.

मास्क लावा, ग्रॅफाइटची पूड हलकी असते आणि श्वासात जाते. पंखा बंद करा. बोर्ड, अडॅप्टर, लॅपटॉप दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण ही पूड वीज वाहते.

दोन चमचे ग्रॅफाइट, एक चमचा फेव्हिकॉल, आणि पाणी थेंबाथेंबाने, दह्याइतकं दाट होईपर्यंत. पाच मिनिटं घोटा, गुठळ्या राहू देऊ नका. फेव्हिकॉल वाढवला तर रंग घट्ट बसतो पण वीज वाहत नाही, कारण प्रत्येक कण डिंकात गुंडाळला जाऊन शेजाऱ्यापासून तुटतो. कमी केला तर रंग बोटाला लागून येतो.

आधी टाकाऊ तुकड्यावर १ सेंमी रुंद, १० सेंमी लांब पट्टा दोन हातांत रंगवा. रात्रभर वाळू द्या. ओल्या रंगाचं मीटरवरचं वाचन खोटं असतं, त्यात पाणीही वीज वाहत असतं.

वाळलेला पट्टा चमच्याच्या पाठीने हलक्या हाताने घासा. मळकट काळा रंग हळूहळू पेन्सिलीच्या शिशासारखा चकाकू लागतो. ग्रॅफाइटचे पापुद्रे आडवे होऊन एकमेकांना भिडतात आणि रोध आणखी उतरतो. मीटरच्या दोन सळ्या पट्ट्याच्या दोन टोकांना लावा. १० किलोओहमच्या आत असेल तर निश्चिंत व्हा. त्याच्या कितीतरी पट येत असेल तर ग्रॅफाइट वाढवून नवं मिश्रण करा, त्याच मिश्रणाचे थरावर थर देऊन फारसं साधत नाही.

आता फळीवर मास्किंग टेपने सहा चौकोन आखा. स्क्रूचं डोकं रंगात पूर्ण बुडेल असे दोन हात मारा, पहिला आडवा, दुसरा उभा. टेप रंग अर्धवट ओला असतानाच काढा, पूर्ण वाळल्यावर कडा उचकटतात. रात्रभर वाळवा, चमच्याने घासा, सुटी पूड ओलसर कापडाने आतून बाहेर न पसरवता टिपून घ्या.

तपासणी: स्क्रूच्या मागच्या टोकापासून चौकोनाच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापर्यंत मीटर लावा. सहाही ठिकाणी आकडा १० किलोओहमच्या आत हवा. मग कोणत्याही दोन चौकोनांमध्ये लावा. इथे मीटरने काहीच दाखवू नये. दाखवलं तर मधल्या पांढऱ्या प्रायमरवर ग्रॅफाइटची पुसट छाया पसरलेली असते, कधी नुसत्या तळहाताने. ढोलाला कोंबडा आरवण्याचं दुसरं कारण ते हेच. खोडरबराने मधली जागा स्वच्छ करा आणि पुन्हा मोजा. आत्ता पाच मिनिटांचं काम आहे. गेरू चढल्यावर ते होणार नाही.

८. झाकणारे थर, गेरू आणि पांढरी रेघ

पहिला थर ब्रशने देऊ नका. ब्रश फिरवला की घासलेलं ग्रॅफाइट ओढलं जातं आणि नुकतीच स्वच्छ केलेली मधली जागा पुन्हा काळवंडते. पारदर्शक अ‍ॅक्रिलिक स्प्रे ३० सेंमीवरून दोनदा हलका मारा, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. मग प्रायमरचा एक पातळ हात ब्रशने, नाहीतर गेरूतून काळे चौकोन डोकावतात.

गेरू चाळून घ्या. तीन चमचे गेरूला एक चमचा फेव्हिकॉल आणि पाणी. दोन पातळ हात द्या. जाड एकच हात दिला तर वाळताना भेगा पडतात. चौकोनांवर सगळे थर मिळून अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहिले तर स्पर्श चांगला कळतो.

तपासणी: गेरू पूर्ण वाळल्यावर, पांढरी रेघ ओढण्याआधी, फळी तात्पुरती बोर्डाला जोडून सहाही जागा वाजवून बघा. ‘पूर्ण वाळल्यावर’ म्हणजे उन्हाळ्यात एक दिवस, कोकणातल्या पावसाळ्यात तीन. ओला गेरू सहा चौकोनांचा मिळून एक मोठा चौकोन करतो.

पांढऱ्यासाठी पारंपरिक रीत तांदळाच्या पिठाची आणि डिंकाची, आणि टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीची. काडी जरूर वापरा, तिच्या रेघेचं जाडंभरडं टोक ब्रशला येत नाही. पीठ मात्र इथे नको. ज्या चित्राला दिवसभर हात लागणार आहे त्यावरचं पीठ आठवड्यात पुसलं जाईल. पांढरा अ‍ॅक्रिलिक साईइतका पातळ करून वापरा. ज्या आकृत्या वाजतात त्यांचा मध्य काळ्या चौकोनाच्या मध्यावर यावा म्हणून आराखड्याचा कागद फळीवर ठेवून टाचणीने खुणा करून घ्या.

शेवटी मॅट वॉर्निशचा एक हात. चकचकीत वॉर्निशवर बोटांचे ठसे दिसतात आणि गेरूचा मातकटपणा जातो.

९. मागची जोडणी

थिंबलपासून बोर्डापर्यंत वायरी पंख्याच्या पात्यांसारख्या पसरून न्या आणि ग्लू गनने जागोजाग चिकटवा. लोंबकळणारी वायर हलली की आकडा हलतो. बोर्ड फळीच्या मध्याजवळ आणि स्पीकर खालच्या कोपऱ्यात, स्पर्शाच्या वायरींपासून ८-१० सेंमी दूर बसवा. स्पीकरच्या दोन तारा एकमेकींना पिळून घ्या.

चारी कडांना २५ मिमी जाडीच्या लाकडी पट्ट्या ठोका, म्हणजे फळी आणि भिंत यांत तेवढी हवा राहील. फळी लोखंडी कपाटावर टांगू नका. मागे एवढा मोठा धातू आला की बोटाने होणारा फरक त्यात बुडून जातो.

चौकटीच्या खालच्या कडेला फॉइलची पट्टी चिकटवून ती ग्राउंडला जोडा. ती कशासाठी ते पुढच्याच टप्प्यात येतं.

१०. ठरलेल्या जागी, ठरलेल्या अडॅप्टरवर

लॅपटॉपवर चालणारं चित्र चार्जरवर का बिथरतं? लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा असेल तर ग्राउंड बहुधा अर्थिंगला जोडलेलं असतं. मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर तरंगता असतो आणि त्याच्या ग्राउंडवर ५० हर्ट्झची गुणगुण चढलेली असते. बोर्ड त्याच ग्राउंडच्या तुलनेत मोजतो, म्हणून सगळे आकडे एकदम डोलतात.

उपाय या क्रमाने करा. आधी अडॅप्टर बदलून बघा. स्वस्त चार्जर सगळ्यात वाईट. मग तीन पिनांचा, ज्याचा ऋण टोक अर्थिंगशी जोडलेला आहे असा अडॅप्टर घ्या. तेही जमलं नाही तर खालच्या कडेची फॉइल पट्टी कामाला येते: प्रेक्षकाने एक हात चौकटीच्या त्या कडेवर ठेवून दुसऱ्याने चित्राला स्पर्श केला की फरक ठळक होतो. पॉवर बँकवर चालवायचा विचार असेल तर दोन अडचणी आहेत. अर्थिंगचा संबंध तुटल्यामुळे संवेदनशीलता घटते. आणि या यंत्राचा शांत असतानाचा करंट इतका कमी असतो की बऱ्याच पॉवर बँका काही वेळाने स्वतःहून बंद पडतात.

८० टक्क्यांचा उंबरठा बदलायचा असेल तर तो इथेच, भिंतीवर टांगून, रोजचा अडॅप्टर लावून बदला. लॅपटॉप काढून ठेवा आणि निळा दिवा बघत राहा. बोट टेकूनही दिवा लागत नसेल तर ८५ करा आणि सुटण्याचा उंबरठा ९१ वर न्या. हात न लावता लागत असेल तर ७५ आणि ८४. कोरड्या बोटाच्या एखाद्या वयस्कर माणसाला आणि एखाद्या लहान मुलाला हात लावायला सांगा. दोघांची बोटं अगदी वेगळी वागतात आणि उंबरठा दोघांनाही चालला पाहिजे.

काय झालं तर कुठे बघायचं

एकच जागा मुकी झाली: मागचा नट ढिला आहे का ते आधी बघा. प्लाय ऋतूनुसार फुगतो-आकसतो, त्यामुळे महिन्याभराने सगळे नट एकदा आवळावे लागतात. नट घट्ट असेल तर स्क्रूच्या डोक्याभोवती रंगाला गोल चीर गेलेली असते. तेवढाच भाग खरवडून वाहक रंगाचा थेंब भरा, वाळवा, वर स्प्रे, मग गेरू.

सगळ्याच जागा एकदम वाजतात: वीजपुरवठा. दहावा टप्पा पुन्हा करा.

दिवा लागतो पण आवाज नाही: कार्ड. मॅकवरून फाइली चढवल्या असतील तर त्यासोबत लपलेल्या फाइली कार्डावर जातात आणि मॉड्यूल त्यांच्यात अडकतं. कार्ड पुन्हा फॉर्मॅट करून दुसऱ्या संगणकावरून फाइली चढवा.

आवाज येतो, पण फाटका: आवाजाची पातळी ३० पैकी २० ते २२ वर आणा.

पावसाळ्यात चित्र मंद झालं: आधी वीज बंद करून पुन्हा सुरू करा, पाया नव्याने घेतला जाईल. तरीही मंद असेल तर फळीच्या मागे हात घाला. भिंत गार आणि ओलसर लागली तर चित्र त्या भिंतीवरून काढा आणि दोन दिवस कोरड्या खोलीत उभं करून ठेवा. पुसताना ओलं कापड वापरू नका. आधी अडॅप्टर काढा, मग कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा.